आपल्या पायाने गेलेला मुलगा

मालवणजवळच्या तोंडवली गावात सुगंधाच्या जिभेला आणि हाताला सारेच वचकून असत. आईने तिला काथ्याच्या दोरीने मारून वाढवले होते. नवऱ्याने होडीतून आणलेली मासळी विकून संसार करताना तिचाही हात तसाच चालू लागला. मुलगा मधू सहा वर्षांचा असताना त्याच्याकडून बांगडा मासळीची पाटी वाळूत सांडली. तिने दोरी उचलली मात्र, पोर डोके हातांनी झाकून बसले. ती स्वतः आईपुढे अगदी अशीच बसायची. तिने दोरी टाकून दिली.

पुढे राग आला की ती कळशी घेऊन विहिरीवर जाई. घरची भांडी भरली की शेजारच्या कृष्णाबाईची भरी.

"आज माझा पिंप भरला, म्हणजे तुझ्या पोरान कायतरी केल्यान!" कृष्णाबाई हसे.

पण शांत झाल्यावर सुगंधा चूक सोडीत नसे. मधूने कुणाचे जाळे फाडले, तर चार दिवस बसून ते त्यानेच सांधून द्यायचे.

छप्पन साली विशीतला मधू दोस्तांच्या नादी लागला. दारूबंदी होती, गोव्याहून चोरून येणारी दारू तो होडीतून उतरवू लागला. तिसऱ्या खेपेनंतर एका सकाळी तो आईपुढे उभा राहिला.

"आये, कोणी सांगूच्या आधी मीच सांगतंय." त्याने सगळे सांगितले.

ती बराच वेळ विहिरीवर होती. परतली ती पदर खोचून. "चल माझ्यावांगडा."

मालवणला फौजदारापुढे ती अडखळत, पण शुद्ध बोलली, "माझ्या मुलाने गुन्हा केला आहे. त्याला मारू नका. विचाराल ते तो सांगेल."

मधूला तीन महिन्यांची शिक्षा झाली. दोस्त गोव्यात पळाले. बाजारात एकीने टोमणा मारला, "पोटचो पोर तुरुंगात घातलंस!"

सुगंधाने पाटी खाली ठेवली. "त्याका कोणी धरून नेल्यानी नाय. तो आपल्या पायान गेलो."

सुटल्यावर मधू वडिलांच्या होडीवर राबला. सात वर्षांत तो स्वतः तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख झाला. त्यानंतर दोन वर्षांनी आचऱ्याचा विठोबा तांडेल आपल्या मुलीचे स्थळ घेऊन आला. सुगंधाने आधी तुरुंगाची गोष्ट काढली.

"माका म्हायती आसा," विठोबा म्हणाला. "दोन वर्षां बघतंय. होडयेर कितीय नुकसान होवंदे, तुझो झील खलाशावर हात उगारणा नाय. माझा चेडू हंय सुखान रवात."

सुगंधा उठली. बाजारासाठी ठेवलेला मोठा इसवण मासा तिने सरळ विळीवर घेतला आणि ती पाहुण्यांसाठी त्याच्या जाड तुकड्या पाडू लागली.