आईचे सगळे फोटो काढले!

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. एवढा मोठा गाढवपणा मी आजवर केला नव्हता, आणि तोही माझ्याच धंद्यात!

धंदा काय, तर कांजूरमार्गच्या एका ऑफिसात बसून मी एआयसाठी वर्णनं लिहितो. हा एआय आपल्यासारखाच ब्राउझर उघडतो, वेबसाइटवर जातो, बटणं दाबतो. कुठलं टूल कशासाठी वापरायचं हे त्याला कळावं म्हणून प्रत्येक टूलखाली दोन ओळी लिहिलेल्या असतात. त्या दोन ओळी माझ्या. ऑफिसात नव्या लोकांना मी दम देतो, "दोन अर्थांचा शब्द दिसला की खोडा! त्याला तुमच्या मनातलं कळत नाही."

तर आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बोरिवलीहून ताईचा फोन आला.

"अरे, वर्षश्राद्धाला आईचा चांगला फोटो लागेल. तिचा तो ऑनलाइन अल्बम बंद होतोय म्हणे. सगळे फोटो काढून ठेव."

त्या अल्बमात आईचे दोनशेच्या वर फोटो होते. बहुतेक सेल्फी! अर्धं कपाळ, वर पंखा, कोपऱ्यात अंगठा. तिचा फोन मी केव्हाच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता, अल्बम आहेच म्हणून.

आता दोनशे फोटो एकेक करून कोण डाउनलोड करणार? मी एवढा तज्ज्ञ! म्हटलं, आपलाच एआय कामाला लावू. त्याच्यासाठी नवं टूल बनवलं आणि आईचं काम म्हणून वर्णन खास मराठीत लिहिलं, 'अल्बममधले फोटो काढण्यासाठी हे टूल वापरावे.'

आलं लक्षात? माझ्या नाही आलं!

एआयने मात्र नीट विचारलं हो.

"सगळे काढू?"

"सगळे! एकही सोडू नकोस."

"कायमचे?"

मला तर भरूनच आलं. यंत्र असून किती ती जाण!

"कायमचेच रे बाबा. आईचे आहेत."

साइट मराठीत होती, आईने तशी लावून घेतली होती. प्रत्येक फोटोखाली दोन बटणं, 'डाउनलोड' आणि 'काढा'. आता तुम्हीच सांगा, माझं वर्णन वाचून कुठलाही शहाणा कुठलं बटण दाबेल?

पाच मिनिटांत निरोप आला, 'सर्व फोटो यशस्वीरीत्या काढले.' मी लगेच ताईला फोन केला, "झकास काम झालं गं!" मग फोल्डर उघडलं, तर रिकामं. अल्बम उघडला, तोही रिकामा. साइटवाल्यांना मेल केला. कायमचे काढलेले फोटो परत मिळत नाहीत, असं त्यांचं उत्तर आलं.

वाट लागली यार. खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो. आई दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मीच घालवली.

ताईला सांगणं भाग होतं.

"काढले म्हणालास ना?"

"काढले गं. म्हणजे... काढून टाकले."

मग म्हणाली, "बरं, तुझ्या फोनमध्ये असेल ना रे एखादा?"

शोधला. डोशाचे फोटो सापडले, पार्किंगच्या खांबांचे सापडले, ऑफिसातल्या कुणाच्या तरी केकचे नऊ सापडले. आईचा एकही नाही.

कसा असेल? नवी साडी नेसली की ती दारात उभी राहायची आणि तिच्या मालवणीत म्हणायची, "झिला, माझो एक फोटो काढ रे." आणि मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणायचो, "थांब गं, नंतर काढतो." मग ती स्वतःच हात लांब करून काढायची. म्हणून ते अर्धं कपाळ आणि पंखा.

शेवटी कुणाच्या तरी बारशाच्या फोटोतून आईला कापून मोठं केलं आणि फ्रेम केली. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत.

वर्षश्राद्धाला त्या फ्रेमसमोर हात जोडून उभा होतो, तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. माझं वाक्य चुकीचं होतं, तरी बिचाऱ्या एआयने सांगितल्याबरोबर काम केलं. आईचं वाक्य अगदी स्वच्छ होतं, त्यात दुसरा अर्थच नव्हता. तिला मिळालेलं टूलच कुचकामी निघालं.