डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या कॉलनीत चाकांच्या अलाइनमेंटवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि टायरमधली हवा मोजणारा मी एकटा. बाकीचे टायरला लाथ मारून बघतात आणि समाधानाने ऑफिसला जातात. मी दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरची हवा डिकीत ठेवलेल्या स्वतःच्या गेजने मोजतो. चारही चाकांना तेहतीस. टायर फिरवतानाही लोक चारच फिरवतात आणि स्टेपनी डिकीत म्हातारी होऊ देतात. मी पाचही फिरवतो. प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने एक ते पाच आकडे घातलेत आणि कोणता आकडा कोणत्या चाकावर गेला, ते तारखेसह वहीत लिहितो.

मुलीला कन्नड गावातल्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. जाऊन-येऊन एकशे वीस किलोमीटर. एसटी चुकली की जीप, आणि जीप अकरा माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. दिवसाचे पाच तास प्रवासात. आमची गाडी मात्र आठवडाभर दारात उभी. ती म्हणाली, मी गाडी नेते. मी अट घातली. रविवारी मला शेजारी बसवून फुलंब्रीपर्यंत जाऊन यायचं, आणि डावीकडची पांढरी रेघ एकदाही ओलांडायची नाही. जमलं तर किल्ली तिची.

पहिल्या रविवारी तिने रेघ चार वेळा ओलांडली, दुसऱ्या रविवारी पाच वेळा.

"पप्पा, गाडी डावीकडं ओढायली."

"गाडी नाही ओढत. तू स्टिअरिंग ढिलं धरतेस."

"घट्ट धरून हात दुखायलेत माझे."

"माझे का नाही दुखत?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "लायसन्सच्या टेस्टला तुम्ही पहिल्यांदा नापास झालता, ते सांगितलंय का तिला?" त्याचा इथे काही संबंध नव्हता.

तरी तिसऱ्या रविवारी मी स्वतः बघितलं. सरळ, मोकळा रस्ता, वेग पन्नास, हात स्टिअरिंगपासून दोन बोटं लांब. सहा मोजेपर्यंत गाडी डाव्या रेघेवर. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार असतो, असं मी तिला समजावलं. मग दुभाजकाला चिकटून, उतार नसलेल्या पट्ट्यात तेच केलं. पुन्हा सहा. अलाइनमेंट गेली असेल, हे मी मान्य केलं. तुझी पकडही ढिलीच आहे, हेही सांगून ठेवलं.

पहिल्या दुकानात एसी, सोफा आणि भिंतीएवढा स्क्रीन. गाडी रॅम्पवर चढली, चाकांना पंजे लागले, स्क्रीनवर एक आकडा लाल आला. हवा तपासली का, विचारलं. "काका, मशीन सगळं बघतं." मशीन हवा बघत नाही. पुढच्या चाकांखाली फिरत्या तबकड्या असतात. मोजण्याआधी त्यांच्या पिना काढायच्या असतात, नाहीतर चाक मोकळं बसत नाही. पिना जागेवरच होत्या. मी दाखवल्या. त्याने त्या अशा काढल्या की जणू माझ्या हौसेसाठी काढतोय. मग दोन पाने फिरवले, स्क्रीन हिरवा झाला आणि मला रंगीत कागद मिळाला. बाहेर पडून मोकळ्या रस्त्यावर पन्नास गाठला, गाडी डावीकडे.

दुसऱ्या दुकानात त्याच दिवशी, दोन तासांनी, त्याच गाडीचे आकडे वेगळे आले. पहिल्याचा कागद दाखवला तर हा हसला. "त्यांचं मशीन जुनंय, सर." त्यानेही पिना काढल्या नव्हत्या. पुन्हा पाने, पुन्हा हिरवा स्क्रीन. गाडी डावीकडेच. या शहरात गाडी सरळ करून कोणी देत नाही, स्क्रीन हिरवा करून देतात. गिऱ्हाईकही तो हिरवा रंग बघून खूश होतं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढत घरी जातं.

मुलीसोबत जीपने जाणाऱ्या एका बाईंचे मामू दौलताबाद रस्त्याला मिस्त्री होते. मुलीच्या हट्टापायी गेलो. पत्र्याची शेड, स्क्रीन नाही, सोफा नाही. एक लांब दोरी आणि टेप. दोरीने हे काय मोजणार, असं मनात म्हणतच मी त्यांच्यापुढे किल्ली धरली. त्यांनी घेतली नाही.

"शिकायत किसकी है?"

"हिची," मी म्हणालो.

"तो बेटी चलाएगी. आप पीछे बैठो, साहब."

स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसलो. मुलगी म्हणाली, पन्नासला पोचलं की डावीकडं जाते, ब्रेक मारला तरी तेवढीच, जास्त नाही. मिस्त्रींनी मान हलवली. "हौ. बराबर बोल रई." एवढं नेमकं वर्णन तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी दोरी लावून बघितली आणि म्हणाले, चाकं सरळ आहेत. मग अलाइनमेंटला हातही न लावता पुढची दोन चाकं काढली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे बसवलं. "अब चला, बेटी."

गाडी उजवीकडे जायला लागली.

"मशीन बी सच्ची, बेटी बी सच्ची," मिस्त्री म्हणाले. "टायर पैदाइशी तिरछा है. जिधर लगाओ, उधर खींचेगा."

उजवं चाक पुन्हा काढून त्यांनी उलटं केलं. आत, माझ्या हाताने काढलेला, सुबक पाच.

"ये नंबर कौन डाला?"

"मी."

"अच्छा किया, साहब. चोर पे नंबर रहना."

मुलगी रस्त्याकडे बघत होती. वही काढून बघायची गरज नव्हती, पण मी काढली. पाच नंबर, नवे टायर घातल्यापासून स्टेपनी, पुढच्या डाव्या चाकावर: पहिल्या रविवारच्या आठ दिवस आधी. कॉलनीतल्या कोणत्याही लाथ मारणाऱ्याने तो डिकीतून बाहेरच काढला नसता. शहरात मी पस्तीसच्या वर जात नाही, तेव्हा माझे हात दुखायचा प्रश्नच नव्हता. आणि या हिशेबावर मी पंधरा वर्षं लोकांना शहाणपण शिकवत आलो.

पाच नंबर डिकीत गेला. घरी येताना गाडी तिनेच चालवली. मी मागेच बसलो आणि रेघ मोजली नाही असं म्हणणार नाही. मोजली. शून्य.

फाटकाशी तिने गाडी बंद केली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"दुसरी किल्ली कपाटात आहे," मी म्हणालो. "तीही घे. ठरल्याप्रमाणं."

"ती तुमच्याकडं राहू द्या," ती म्हणाली. "रविवारी हवा बघायला लागंल."