मोताळ्याकडे, बेपत्ता माणसांसह

मलकापूर आलं तेव्हा गच्च भरलेल्या डब्यात माझ्या बाकावर मी एकटाच होतो. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बुडणारं जहाज होतं आणि पाण्यातून वर आलेला एक हात. शेजारच्या बाईंनी आधी मुलांना दूर बसवलं, मग स्वतःही उठल्या. खून, अपघात, घरातून निघून न परतलेली माणसं, अशा खऱ्या हकीकती वाचल्याशिवाय मला जेवण पचत नाही. सज्जनांची चरित्रं मी झोप येत नसली की काढतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वसतिगृहातला माझा मित्र नामदेव मोताळ्याजवळ वांगी-मिरची पिकवत होता आणि केव्हाचा बोलावत होता. मलकापुरात कापसाच्या बैलगाड्यांनी रस्ता असा अडवला होता, की आमची एसटी बैलांच्या मर्जीनं निघाली.

घरी कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा होता. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तशी वाढणारी वच्छलाताई, नामदेवची थोरली बहीण, पदर तोंडाला लावून हसली. तिची गोष्ट नामदेवनं मला शेतात सांगितली. तिचा नवरा कापूस घेऊन मलकापूरला गेला, तो गेलाच. रिकामी गाडी ओढत बैल आपले आपण घरी आले. आता सासरचे पळसविधी करायचं म्हणत होते (सापडत नाही त्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात). पुतळा जळला की ताईचं कुंकू पुसलं जाणार. तिचा होकार घ्यायला सासरा दोन दिवसांत येणार होता. मला वाईट वाटलंच. पण खोटं कशाला सांगू, त्या बैलांचं ऐकून अंगावर सुखाचा काटाही आला.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात नामदेव पोथी वाचायचा; वच्छलाताईही बायकांत बसून ऐकायची. ती नेमकी आदल्या दिवशी संपली होती, म्हणून मंडळींनी माझंच पुस्तक चौरंगावर ठेवलं, वर हळद-कुंकू वाहिलं. आता तिथला नियम असा, की अभद्र प्रसंगावर पोथी बांधायची नाही; पुढे वाचत जायचं आणि शुभ काही आलं की थांबायचं. माझ्या पुस्तकात शुभ कुठून येणार? खलाशी बुडाला, व्यापारी वाळवंटात गडप झाला, तिसरा बर्फात गेला. आरतीचं ताट खोळंबलं, म्हातारे चुळबुळू लागले. शेवटी नामदेवनं पानावरची नजर न हलवता त्या बर्फातल्या माणसाला थेट घरी आणला आणि बायकोला त्याच्या पायांवर पाणी घालायला लावलं. मग एकदाचं गूळ-खोबरं वाटलं गेलं.

बाहेर आल्यावर मी त्याला झाडला. असली लबाडी मला खपत नाही.

"मंग काय करू बे?" तो म्हणाला. "साऱ्याईले तिथंच बसवून ठेवू?"

सकाळी ताई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी चहाला बसलो, तशी तिनं वर न बघता विचारलं.

"भाऊ, खरं सांगा. त्या पुस्तकातला कोणी वापस आला का? नाम्या त मनानंच वाचून राह्यला होता, मले समजते."

एवढी पुस्तकं वाचली, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खोटं बोलावं असं फार वाटलं. तिच्या कपाळाकडे बघवेना.

"नाही ताई, कोणीच नाही," मी म्हणालो. "परत आलेल्या माणसावर कोणी पुस्तक लिहीत नाही."

तिनं तव्यावरची भाकर उलटली.

"माह्या माणसावर त कोणी लेह्यलं नाही अजून," ती म्हणाली.

सासरा आला, तेव्हा तिनं दाराआडून सांगून टाकलं, पुतळा करायचा नाही. म्हाताऱ्यानं नामदेवकडे पाहिलं, नामदेवनं माझ्याकडे. म्हातारा चहा पिऊन उठला, आणि जाताना डोळे पुसत होता. त्यालाही तो पुतळा नकोच असावा.

परतीच्या गाडीत मला राहवेना. रिकामी गाडी ओढत घरी आलेले बैल! असली सुरुवात नशिबानंच मिळते. मी कागदसुद्धा काढला होता. मग तो तसाच घडी करून खिशात ठेवला. शेवटी हे लिहिलंच, पण इथं मी गावाचं नाव गाळलंय, माणसांची बदललीत. आणि तरीही हे कधी वच्छलाताईच्या हाती पडलंच, तर तिनं एवढं लक्षात ठेवावं: ही नुसती प्रवासाची हकीकत आहे, पुस्तक नाही.