माझ्यासाठी लावलेलं स्लो गाणं

मंडळी, आज मी जाम जळले. खोटं कशाला बोलू?

आम्ही नवरा-बायको वर्ध्यात बचाटा शिकतो. जोडीनं करायचा नाच आहे. तीन पावलं टाकायची आणि चौथ्याला पाय नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही. मी शाळेत पीटी घेते. इतकी वर्षं पोरांसोबत कदमताल केलेला माझा पाय चौथ्यालाही धाडकन आपटतोच. म्हणून क्लासचे सर माझ्यासाठी स्लो गाणं लावतात.

आज सरांनी टाळी वाजवून जोड्या बदलल्या. नवरा गेला ज्योतीकडे. ती हिंगणीहून येते, आमच्यानंतर आलेली. सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बसा. तुमचं गाणं नंतर लावतो."

मी बसले. फास्ट गाण्यावर ते दोघं असे नाचले की विचारू नका. सख्ख्या भावाच्या वरातीत न हललेला माणूस चक्क हसून राह्यला होता!

क्लास सुटल्यावर ज्योती आली. "ताई, ते स्लो गाणं मले पाठवा ना. आमचे हे लाजतात, क्लासले येत नाई. त्यायले घरीच शिकवीन."

गाणं माझ्या फोनमध्येच होतं. तरी म्हटलं, "सापडलं तर पाठवते."

घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं, तर म्हणतो, "काऊन तरसवतं तिले? मले दे, मी पाठवतो. नंबर आहे माह्याजवळ."

आता तुम्हीच सांगा, हा पाय नुसता टेकवू की आपटू?