केइतांच्या दारी चवळीखाऊ

मालीतल्या आमच्या बामाको शहरात माणसाची तोंडावर टर उडवणारं कुणी उरलं नाही, तर तो खरा पोरका. निदान तियेमोको कुलिबालीचं तरी असंच मत. मोपेडी दुरुस्त करून करून बोटं कायमची काळी झालेला हा सत्तरीचा गृहस्थ आठ वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी नदीपलीकडच्या नव्या घरात राहायला गेला. तिथे सगळे त्याच्याशी अदबीनं वागतात, आणि त्या अदबीनंच त्याचा जीव मेटाकुटीला आलाय.

कुलिबालींना गावातलं जवळजवळ प्रत्येक आडनाव छळून घेतं, पण पहिला हक्क केइतांचा. कुलिबाली दिसला की केइतानं 'चवळीखाऊ' म्हणायचं, आणि कुलिबालीनं त्याला 'माझ्या घरचा गडी' ठरवून मोकळं व्हायचं. ओळख असो वा नसो, रागवायचं कुणी नाही; आडनावांमधली ही थट्टेची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. आणि एकाच्या घरी कुणी वारलं, तर दुसऱ्यानं जनाजा अडवून सोंगं काढायची, रडणाऱ्यांना हसवायचं. ते त्याचं कर्तव्यच.

तियेमोकोनं नेमकं तेच केलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याचा जिवलग फामारा केइता गेला, तेव्हा तो गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला होता. पण डोळ्यांचं पाणी खळेना. रडका सोंगाड्या कुणाला हवाय? तो तसाच माघारी फिरला. फामाराची थोरली बहीण न्येबा हे कधी माफ करेल का, या धास्तीनं त्यानं पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही.

या गुरुवारी मात्र त्यानं ठेवणीतला निळा झगा चढवला आणि "जुन्या वस्त्या बघून येतो," असं सुनेला सांगून हिरव्या मिनीबसमध्ये बसला. जायचं एकाच घरी होतं. धीर गोळा करायला त्यानं आधी दोन थांबे घेतले.

बागादाजीत तो विशीत असताना पत्र्याच्या खोलीत राहायचा. खोलीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, पण कोपऱ्यावर बाजरीची भजी तळणारी वासा दियारा तीच.

"कसला वास सुटलाय गं बाई," ती कढईतून मान वर न करता म्हणाली. "चवळीचं पातेलं पायी चालत आलं वाटतं."

"तुझ्या तेलापेक्षा बरा वास आहे. माझ्या लग्नाआधीचंच ना हे तेल?"

तिनं चार भजी कागदात बांधून त्याच्या हातात कोंबली.

मिसिरात त्याचा संसार सुरू झाला, तिन्ही पोरं तिथलीच. तिथल्या म्हाताऱ्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्यावर वस्तरा थांबवला. "तू मेलास असं ऐकलं होतं. आम्ही तुझ्या वाटची चवळी वाटूनही टाकली."

तियेमोकोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या भरात तो मेदिना-कुरात शिरला.

केइतांच्या घरी मधे अंगण आणि भोवती भाडेकरूंच्या खोल्या. त्यातल्या एकीत त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली होती. न्येबा आंब्याखाली शेंगा सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"या, कुलिबाली. घरची मंडळी बरी आहेत ना? नातवंडं? प्रवासात त्रास नाही ना झाला?"

तिनं एका भाडेकरणीला खुर्ची आणायला सांगितलं. पाणीही आलं, चांगल्यातल्या पेल्यात.

या घरात त्याला कधी खुर्ची मिळाली नव्हती. अठ्ठावीस वर्षं तो उलट्या बादलीवर बसत आला होता, आणि तीसुद्धा न्येबा कुरकुरत द्यायची.

"अक्का, मी तेव्हा..."

"झालं ते झालं. पाणी घ्या तुम्ही."

पेला खाली ठेवून तो उठला. मग अंगणाच्या मधोमध जाऊन कमरेवर हात ठेवून गरजला, "कुठाय तो फामारा? माझा गडी मला न विचारता पळालाच कसा? माझा दहा नंबरचा पानासुद्धा घेऊन गेलाय."

भाडेकरणी दारात आल्या. तियेमोको फामारासारखा उजवा पाय ओढत चालला, दर तीन पावलांवर त्याच्यासारखाच खाकरला आणि शेवटी निळ्या झग्यासकट मातीत आडवा झाला. "मलाही न्या तिकडे. पाना घेतल्याशिवाय मी परत यायचा नाही." डोळे घळाघळा वाहत होते. आज त्यानं ते पुसले नाहीत.

न्येबाच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. तिचे खांदे हलायला लागले. हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाच कळेना.

"डावा पाय ओढायचा तो," ती म्हणाली. "आणि तीन वर्षं, तियेमोको? अरे, एवढ्या वेळात चवळीसुद्धा शिजते, चवळीखाऊ."

"लाकडं ओली होती, अक्का," तो पडल्या पडल्या म्हणाला.

"ऊठ. झगा मळवलास." मग ती भाडेकरणीकडे वळली. "ती खुर्ची आत ने गं, पाहुण्यांसाठी आहे ती. आणि बादली कुठे आहे बघ."