शेंदूर लावलेली रणभूमी

धुक्यात अप्पाकाकांची काळी छत्री वर जायची आणि मी घोडा व्हायचे. ओल्या मोहरीचा उग्र वास, पायाखालची गार चिकट माती, फ्रॉकला लगडलेल्या पिवळ्या पाकळ्या... शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी उधळत जायचे, आणि काका बांधावरून ओरडायचे, "अगं, डावीकडून! घोडदळ डावीकडून आलं होतं!" एका जागी मला बसवतच नसे, आजही बसवत नाही.

अप्पाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बिनलग्नाचे, काशीतल्या एका शाळेत इतिहासाचे मास्तर, आणि आमच्या सोवळ्या-पोथ्यांच्या घरात देवापुढे हात न जोडणारा एकुलता एक माणूस. स्वातंत्र्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. माघातल्या रविवारी ते मला पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्यांवरून जवळजवळ फरफटतच खाली न्यायचे. "का मास्टर साहब, आजो लड़ाई देखे चलल जाई?" म्हणत नाववाला दात काढायचा. पैलतीराची वाळू तुडवत तासभर चाललं की ते शेत यायचं.

त्याच्याही तीनएकशे वर्षांपूर्वी दिल्लीचा बादशहा आजारी पडला आणि त्याच्या घरातली भाऊबंदकी तलवारीवर आली. एका शहजाद्याची छावणी इथे पडली होती. पहाटे त्याचा पुतण्या घोडेस्वार घेऊन चालून आला, तेव्हा शहजादा मच्छरदाणीत गाढ झोपलेला! त्या मच्छरदाणीचं मला फार हसू यायचं. काका मात्र गंभीर व्हायचे. "हसू नकोस, सुमे. दोन्हीकडे घरचीच माणसं. पळायचा तो पळाला. मेले ते चाकरीचे. त्यांची नावंसुद्धा कुठे नाहीत."

काकांना तिथे स्मारक नको होतं, पुतळा नको होता. नांगरा, पेरा, पण खणू नका, एवढंच त्यांचं मागणं – घोडे धावले ती जमीन जशीच्या तशी राहावी. त्यासाठी ते सरकारदरबारी अर्ज करीत, टाकाच्या निळ्या शाईत, घोटीव अक्षरात... उत्तर येत नसे, तरी पुढचा अर्ज जाई.

एका रविवारी शेताच्या कडेला खड्डा दिसला. वीटभट्टीवाल्यानं माती उचलायला सुरुवात केली होती. पुढच्या रविवारी खड्डा बाभळीपर्यंत आला. बाभळीखाली गुडघाभर उंचीचा एक काळा दगड होता, लढाईच्या वेळचा असेल म्हणून मी विचारलं, तर काका म्हणाले, "पुरावा नाही." त्या दिवशी परतताना ते नावेत मागच्या तीराकडे तोंड करून बसले. काहीतरी करायलाच हवं होतं, आणि लगेच!

आमच्या घरी दर शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर असे. "शेंदूर फासला की दगडाचासुद्धा देव होतो, मग हात लावायची कुणाची छाती आहे!" असं आई शेजारच्या एका पुढाऱ्याबद्दल बोलली होती. मी ते शब्दशः मनावर घेतलं. तेलात खललेला शेंदूर डबीत भरला, आणि रविवारी काका पलीकडे पावलांनी खड्डा मोजत असताना त्या काळ्या दगडाला फासून टाकला. बोटं कितीतरी वेळ मातीत घासत होते. मारुतीचा वास जाता जात नव्हता.

काशीकडे लढताना पडलेल्या माणसाचा बीर होतो, म्हणजे राखणदार देव, आणि त्याच्या दगडाचं ठाणं पूजलं जातं. महिनाभरात दगडापुढे मातीचे इवले घोडे आले, बाभळीला धागे आले, बत्ताशांना मुंग्या आल्या. मजुरांनी त्या बाजूची कुदळ थांबवली. मी हरखून गेले... पण काका घोड्यांकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "हे कुणी केलं?" मी घोडा होऊन उधळले.

भट्टीवाला आमच्यापेक्षा हुशार निघाला. त्याच शेताच्या मातीच्या विटांनी त्यानं बीरबाबाला चबुतरा बांधून दिला, पुण्य पदरात पाडून घेतलं आणि उरलेलं सगळं शेत खणलं. मग काकांच्या अर्जाला पहिलं आणि शेवटचं उत्तर आलं. जेवणाच्या पानावर बसून काकांनी ते मोठ्यानं वाचलं: सदर स्थान पूजास्थान असून स्थानिक जनता त्याचं जतन करीत आहे, वेगळ्या कारवाईची आवश्यकता नाही. वाचून झाल्यावर त्यांनी ताकभात कालवला, आणि तसाच ठेवून उठले. त्यानंतर ते पैलतीरी गेले नाहीत.

मी सांगितलं ते तीस वर्षांनी. काका संकठा घाटाजवळच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते, खिडकीतून गंगेचा दमट वास येत होता. "अप्पाकाका, तो शेंदूर मी लावला होता." ते रागावतील, हसतील, जवळ घेतील – तीस वर्षं मी काय काय कल्पिलं होतं! त्यांनी फक्त कागद मागितला. "लिही. कुणी लावला, कशासाठी, तेव्हा तुझं वय काय. सही कर." मी लिहिलं, सही केली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "आता पुरावा झाला," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर दाखव. खरं काय ते एका तरी माणसाला कळू दे." त्या पावसाळ्यात ते गेले.

गेल्या वर्षी मी तो कागद पर्समध्ये घालून पलीकडे गेले. शेताच्या जागी घरं, गॅरेजं, दुकानं. मधोमध संगमरवरी मंदिर, आणि बीरबाबा परकीयांशी लढले असं सांगणारी पाटी. म्हणजे कागद दाखवायची वेळ आली होती. मी पर्स उघडलीसुद्धा. शेजारी एक तरुण बाई तापानं फणफणलेलं मूल दगडासमोर ठेवून उभी होती. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "माथा टेक ला, अम्मा. बीर बाबा सबकर सुनेलन."

मी पर्स मिटली, आणि तिच्या शेजारी वाकून माथा टेकला.