दुसऱ्याच्या नावाचं रक्त

नायगावच्या चांगुणाबाई तीस वर्षं अंगणवाडीत सेविका होत्या. काटा शून्यावर आहे की नाही, हे स्वतः वाकून पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही लेकराचं वजन लिहिलं नाही. निवृत्तीनंतर साखरेचा आजार निघाला. दोन वर्षं भाकरी कमी करून, रोज सकाळी चालून त्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेनऊवरून सातवर आणली.

डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि त्याच दमात, गावातल्या लॅबचा रिपोर्ट पाहून, कोलेस्टेरॉलची नवी गोळी लिहिली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. साखर उतरली, आता पेशंट हातचा जाऊ नये म्हणून तर हे नवं काढलं नसेल? घरात तुपाचा थेंब नाही. मग रक्तात चरबी आली कुठून? डॉक्टर आणि लॅबवाला, दोघं मिळालेले असणार.

गोळी न घेताच त्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त तपासायला उपाशीपोटी नांदेडला गेल्या. खरं नाव दिलं तर इथूनही नायगावला फोन जाईल, असं वाटून त्यांनी धाकट्या बहिणीचं, सिंधुचं नाव सांगितलं. मोबाईल नंबरही तिचाच दिला. दुपारी कागद हातात आला. वाईट कोलेस्टेरॉल नायगावात एकशे अठ्ठावन्न होतं, इथं एकशे बासष्ट.

“माझ्या अंगावर मूठभर मांस न्हाई,” त्या लॅबमधल्या मंजुश्रीला म्हणाल्या, “मग हे कसं?”

“मावशी, बारीक माणसाचंबी वाढतं. शरीर सोताच तयार करतं ते. अन् साखर असली की काळजाला धोका जास्ती, म्हणून गोळी देतेत.”

बाईंनी कागदावरचा आकडा पुन्हा वाचला. इथं तर त्यांना कुणी ओळखतही नव्हतं.

नायगावच्या बसमध्ये बसतात तोच किल्लारीहून सिंधुचा फोन आला. तिच्या मोबाईलवर रिपोर्ट गेला होता.

“आक्का, म्या रक्त दिलंच न्हाई, अन् माझा रिपोर्ट कसा आला?”

चांगुणाबाईंनी सगळं कबूल केलं. सिंधु चिडली, पण आपल्यालाही काही असेल या धास्तीनं दुसऱ्या दिवशी लातूरला जाऊन तिनंही रक्त दिलं. उपाशीपोटी साखर दोनशे चाळीस निघाली. ती कधीपासून होती, देव जाणे.

सिंधुचा विश्वास बसेना. मशीनच बिघडलं असेल, म्हणाली. मग चांगुणाबाईंनी दोन लुगडी पिशवीत घातली आणि किल्लारी गाठली. आठ दिवस राहिल्या. रोज जेवणानंतर बहिणीच्या तळहातावर डॉक्टरांनी दिलेली साखरेची गोळी ठेवायच्या, मग शेजारी बसून आपली कोलेस्टेरॉलची घ्यायच्या.